पाहुण्यांसाठी न वाजणारी घंटा

मित्रांनो, मी एक जुनी घंटा आहे. शाळेतली नव्हे, दारावरचीही नव्हे. टेबलावर ठेवून वरचं बटण दाबलं की 'टिंग' करणारी. इथल्या साहित्य महोत्सवात वक्त्याची वेळ संपली हे सांगायचं काम माझं. बावीस वर्षं ते केलं आणि मला त्याचा संताप येतो. गोड गोष्ट हवी असेल तर दुसरीकडे जा.

मी नवीन, लखलखीत होते तेव्हा महोत्सवाचे सचिव म्हणाले होते, "नियम सगळ्यांना सारखा." थापा! बाहेरगावचे मोठे लेखक बोलायला उठले की सचिव माझ्यावर रुमाल टाकतात. का, तर पाहुण्यांचा अपमान नको. पाहुणे तासभर दळण दळतात. मग जेवणाआधीच्या उरल्यासुरल्या वेळात इथले लेखक उभे राहतात आणि रुमाल निघतो. "काय खणखणीत आवाज आहे!" असं माझं कौतुकही होतं. जळलं ते कौतुक.

शिवणकाम करणाऱ्या एक काकू आहेत. तीन वर्षं त्यांचं नाव यादीत शेवटी होतं आणि तिन्ही वर्षं वेळ संपली. त्यांची थोरली बहीण दरवर्षी तिसऱ्या रांगेत येऊन बसायची. धाकटीला शाळेत जाता यावं म्हणून ती घरी राबली. तिला अक्षरओळखही नाही. काकूंनी लिहिलं होतं ते तिच्यावरच. पण घरी वाचून दाखवू लागल्या की ती कानांवर हात ठेवायची. "चारचौघांत वाचशील तेव्हाच ऐकेन," हा तिचा हट्ट.

यंदा पाहुण्यांची पुस्तकं टेबलावर मांडायची होती. जागा पुरेना, म्हणून सचिवांनी घाईघाईत मला उचलून वक्त्यासमोरच्या उंच मेजावर ठेवलं. पाहुणे नेहमीसारखे लांबले. शेवटी काकू उभ्या राहिल्या, तर सचिव शेजारी येऊन म्हणाले, "काकू, दोन मिनिटांत आटपा हं."

एक पान होतंय तोच सचिवांनी मला दाबलं. टिंग! मी तरी काय करणार, दाबलं की वाजायचं. काकू अडखळल्या. त्यांनी तिसऱ्या रांगेकडे पाहिलं. मग कात्री चालवून घट्टे पडलेल्या बोटांनी त्यांनी मला घट्ट धरलं.

सचिवांनी पुन्हा बटण दाबलं. ठक. आणखी एकदा. ठक.

"अहो काकू, हात काढा! जेवणं खोळंबलीत!"

तिसऱ्या रांगेतून थोरली कडाडली, "वाच गं तू! ज्याला भूक लागली असेल त्यानं जावं!"

कुणी उठलं नाही. काकूंनी आठच्या आठ पानं वाचली. थोरली रडत होती आणि डोळे पुसायचंही तिला सुचत नव्हतं. माझ्यावरचा हात शेवटपर्यंत निघाला नाही.

"ही घंटा बिघडली," असं म्हणून सचिवांनी मला कपाटात फेकलं. आता धूळ खात पडले आहे. मित्रांनो, मला पुसा, जपा, असं मी म्हणणार नाही. उद्या तुम्हीही असे कार्यक्रम कराल. मला बाहेर काढलंत तर आधी पाहुण्यांसमोर वाजवून दाखवा. तेवढी हिंमत नसेल तर कपाटाचं दार उघडूच नका. बावीस वर्षांत माझ्या हातून एकच चांगलं काम झालं, आणि तेव्हा मी वाजले नव्हते.