एका ठकीच्या दोन नोंदी

घरी तिला ठकी म्हणत. घड्याळं दुरुस्त करणाऱ्या बापाची ही धाकटी लेक माहितीशास्त्र आणि सायबर सुरक्षेच्या जोड-अभ्यासक्रमाला होती. पदवी आणि पदव्युत्तर शिक्षण एकाच दमात, पाच वर्षांत. चौथं वर्ष दोन्हीकडे धरलं जाई, म्हणून विद्यापीठाच्या संगणकात तिच्या दोन नोंदी झाल्या. क्रमांक दोन, चेहरा मात्र एकच.

एका सोमवारी तिची दोन्ही खाती बंद पडली. नोंदणी कक्षातल्या बाई पडद्यावरची नजर न काढता म्हणाल्या, "एक विद्यार्थिनी दुसरीची ओळख वापरतेय. तुम्ही त्यातल्या कोण?"

"दोघीही मीच."

"मग एकेकीनं बोला. मला उत्तर द्यायला एकच तोंड आहे."

अशी प्रकरणं पदव्युत्तर विद्यार्थ्यांना सराव म्हणून दिली जात. बाईंनी यादीवर बोट फिरवलं, तर पाळी नेमकी ठकीची निघाली.

"म्हणजे मीच माझी चौकशी करायची?"

"त्यांची," बाईंनी दुरुस्त केलं आणि छापील नोंदींचा गठ्ठा पुढे सरकवला. "आणि ओळखीच्या आहेत म्हणून सूट देऊ नका."

ठकी मुळात कामाला चोख. तीन दिवस तिनं गठ्ठा उपसला. पदवीवालीनं चार वर्षं एकच पासवर्ड वापरला होता, वडिलांच्या दुकानाचा फोन नंबर. तो विसरू नये म्हणून ओळखपत्राच्या मागे चिठ्ठीही चिकटवली होती. ठकीला मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण खोटं लिहिणं रक्तात नव्हतं. "सदर विद्यार्थिनी कमालीची निष्काळजी आहे," असं तिनं स्वच्छ लिहून दिलं.

अहवालाला नव्वद गुण मिळाले. पदवीच्या ठकीला कारणे दाखवा नोटीस आली.

नोटीस तिच्या जिव्हारी लागली. बाबा भिंगातून वर न बघता म्हणाले, "जाऊ दे ना, घरचंच माणूस आहे."

"घरचं आहे म्हणूनच लागलं, बाबा."

तिनं उत्तर धाडलं: तपास करणारी व्यक्ती माझ्या निकटच्या नात्यातली असून तिला माझ्या खाजगी गोष्टी आधीपासूनच ठाऊक होत्या. समितीला ते पटलं. अहवालाचे चाळीस गुण कापले गेले. आता पदव्युत्तर ठकी पेटली. तिनं फेरतपासणीचा अर्ज केला. महिनाभर अर्जांची अशी जुंपली, की समितीनं शेवटी हात टेकले आणि दोघींना समझोतापत्र लिहून आणायला सांगितलं. सह्या दोन हव्यात, अक्षर वेगवेगळं हवं.

ठकीनं एक सही उजव्या हातानं केली, एक डाव्या.

नोंदणी कक्षातल्या बाईंनी कागद उजेडात धरला. "पदवीवालीचं अक्षर सुबक आहे, दुसरीचं गिचमिड," त्या म्हणाल्या. "पुढं शिकलं की माणसाचं असंच होतं." आणि शिक्का मारला.

दुपारपर्यंत दोन्ही खाती सुरू झाली. पण कागदावर समेट झाला, तरी पुढचा आठवडाभर ठकी स्वतःशी कामापुरतंच बोलत होती.