चार बोटं वर

मित्रांनो, मी एक जुनी लोखंडी सळई आहे, आणि आधीच सांगून टाकते, एका जागी गप्प उभं राहणं माझ्या स्वभावात नाही. नशिबात मात्र नेमकं तेच आलं. गेली चार वर्षं मी एका उतरत्या शेताच्या मधोमध रोवलेली आहे. माझी हकिगत सलग ऐका, मध्येच थांबवू नका. माझा धीर फार लवकर सुटतो.

एका वर्कशॉपमध्ये मला कापलं. माझ्या लांबलचक बहिणी इमारतींच्या छपरांत गेल्या आणि उरलेल्या तुकड्यांतून आम्ही बारा जणी निघालो. प्रत्येकीची लांबी चोवीस बोटं, म्हणजे दोन विती. आमची टोकं घासून आम्हाला एका डब्यात टाकलं. तिथे मी आठ दिवस नुसती खणखणत होते. कुणाचा पाय डब्याला लागला की वाटायचं, चला, निघालो एकदाच्या.

शेवटी मोजणीच्या बाई आम्हाला घेऊन गेल्या. पावसाबरोबर शेतातली माती किती वाहून जाते, हे मोजणं त्यांचं काम. त्यांच्या कार्यालयाच्या खिडकीत मातीच्या बरण्या होत्या, प्रत्येकीवर चिठ्ठी. टेबलावर वजनकाटा, त्याच्याखाली माती, फायलींवर माती. बाई स्वतःच्या चहातला गाळसुद्धा निरखून बघतात, असं तिथला शिपाई म्हणायचा. मला बाई आवडल्या. त्याही माझ्यासारख्याच, दोन मिनिटं खुर्चीत टिकत नसत.

मग हे शेत आलं. इथे दोन माणसं राबतात, आबा आणि त्यांची सून. मुलगा जहाजावर नोकरीला, त्यामुळे शेतीचा सगळा भार सूनबाईंवर. हे एकच शेत, आणि त्यावरच घर. बाईंनी आम्हा बारा जणींना उतारावर ओळीने ठोकलं. वीस बोटं जमिनीत, चार बोटं वर. आमचं काम सोपं आहे. आम्ही जागच्या हलायचं नाही. माती वाहून गेली की आम्ही जास्त उघड्या पडतो. जितकी मी उघडी, तितकी माती गेली, एवढाच हिशोब. बाई पट्टीने मोजतात, आबा बोटांनी. मी तुम्हाला आबांच्या मापात सांगते.

त्या दिवशी बाईंची बस सुटत होती. जाता जाता त्या आबांना एवढंच म्हणाल्या की सळया चार बोटं वर ठेवल्या आहेत, जरा लक्ष असू द्या. आबांनी मान डोलावली आणि इथेच सगळं बिघडलं.

आबांना घरात काही वाकडं खपत नाही. दाराची कडी सैल झाली की लगेच घट्ट, खुर्ची डुगडुगली की लगेच तिच्या पायाला पाचर. पहिल्या मोठ्या पावसानंतर मी अर्धं बोट जास्त वर आले. मला कोण आनंद झाला. आता बाई येणार, मोजणार, सगळ्यांना कळणार. पण बाईंच्या आधी आबा आले. त्यांनी माझ्याकडे बघितलं, च्च च्च केलं आणि घरातून हातोडा आणून मला ठोकून पुन्हा चार बोटांवर आणलं. मग ओळीने बाकीच्या अकरा जणींना. सूनबाई तेव्हा शेताच्या खालच्या टोकाला पाण्याचा चर मोकळा करत होत्या, त्यांना पत्ताच नाही.

मित्रांनो, माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. ओरडायला तोंड नाही, पळायला पाय नाहीत. दर पावसाला मी उघडी पडायची आणि दर पावसानंतर आबा मला खाली बसवायचे, तेही किती मायेने. वर हाताने माझ्या भोवतीचा चिखल पुसायचे. रागवावं तर कुणावर?

बाई दर महिन्याला यायच्या. चार. पुन्हा चार. कधी केसभर जास्त, कधी केसभर कमी. वही भरत गेली. तिकडे खालचा चर गाळाने तुडुंब भरायचा. सूनबाई फावड्याने गाळ उपसून दमायच्या आणि त्याचं खापर वरच्या अंगाच्या शेजाऱ्यावर फोडायच्या. आमची माती तर जात नाही, वहीत लिहिलंय, मग ही तुझीच. शेवटी दोन्ही घरांचं बोलणंच बंद झालं. बिचारा शेजारी. चरातली माती माझ्या पायाखालची होती, आणि मी मूग गिळून गप्प उभी.

अशी तीन वर्षं गेली. शेताच्या मधून एक गवताचा पट्टा आडवा जातो. वरून धावत येणारं पाणी तिथे अडखळतं, जरा थांबतं. उरलीसुरली माती त्याच्यामुळेच टिकून होती. तो मोडून तिथेही पीक घ्यायचं सूनबाईंच्या मनात आलं. त्यांनी बाईंना विचारलं. बाईंनी वही चाळली, चरातल्या गाळाकडे बघितलं, पुन्हा वही चाळली. मग म्हणाल्या की आकडे चांगले आहेत, मोडायला हरकत नाही. सोमवारी ट्रॅक्टर सांगितला. माझा जीव टांगणीला लागला. पट्टा गेला की शेत गेलं, हे त्या अख्ख्या रानात फक्त आम्हा बारा जणींना माहीत होतं.

त्या आठवड्यात दोन पाऊस धो धो पडले. रविवारी आबा हातोडा घेऊन आले. मी सहा बोटं वर होते. त्यांनी एक घाव घातला. ठण्ण. मी हलले नाही. दुसरा घाव घातला, तर मी कमरेत वाकले पण खाली गेले नाही. माझं टोक खडकाला लागलं होतं. आबा शेजारच्या सळईकडे गेले. तीही जाईना. त्या दिवशी आबा जेवले नाहीत म्हणे. बाईंची वस्तू आपल्या हातून बिघडली, हेच त्यांच्या मनाला लागलं होतं.

सोमवारी बाई आणि ट्रॅक्टर एकदमच आले. आबा मान खाली घालून बाईंसमोर उभे राहिले.

"बाई, तुमच्या सळया हल्ली बसत नाहीत. इतके दिवस बसवत आलो, पण आता जोर पुरत नाही."

"बसवत आलो म्हणजे?"

"पावसाने वर येतात ना. मी आपल्या चार बोटांवर आणून ठेवतो. तुम्हीच म्हणाला होता, लक्ष असू द्या."

बाई चिखलात गुडघे टेकून माझ्यापाशी वाकल्या. मला वाटलं, आता आबांची खैर नाही. पण बाईंनी स्वतःच्याच कपाळावर हात मारला. नीट समजावून सांगायला हवं होतं, ही माझी चूक, असं त्या म्हणाल्या. मग वहीचं पहिलं पान उघडलं. आम्हाला ठोकण्याआधी त्यांनी इथे खड्डा खणून बघितलं होतं. तेव्हा खडकावर चोवीस बोटं माती होती. आता माझं टोक खडकावर आणि सहा बोटं मी बाहेर, म्हणजे माती राहिली अठरा बोटं.

"आबा, सळया वर येत नव्हत्या. जमीन खाली जात होती. तीन वर्षांत पाव शेत वाहून गेलं."

 आबा माझ्याकडे बघत म्हणाले, "म्हणजे घर बुडत होतं आणि मी खुणा पुसत होतो." मित्रांनो, मला तेव्हा रडू आलं. लोखंडाला रडता येत नाही म्हणतात. म्हणोत.

 सूनबाईंनी बांधावर जाऊन ट्रॅक्टरवाल्याला परत पाठवलं. तिथून त्या तशाच चिखलाच्या पायांनी शेजाऱ्याच्या दारात गेल्या. तिथे काय बोलणं झालं ते मला ऐकू आलं नाही. संध्याकाळी मात्र शेजारी स्वतः येऊन चर बघून गेला. त्या वर्षी पेरणी उताराला आडवी झाली आणि खालच्या बाजूला गवताचा आणखी एक पट्टा आला. बाईंनी आम्हाला उपटून, सरळ करून नव्या जागी, खोल मातीत, पुन्हा चार बोटांवर ठोकलं. या वेळी बस चुकली तरी चालेल म्हणून आबांना सगळं सांगितलं. आता मी काय करू, असं आबांनी विचारलं. काहीच करू नका, फक्त बघा, असं बाई म्हणाल्या. आबांना याहून कठीण काम कुणी दिलं नसेल.

परवा पाऊस झाला. आबा आले, माझ्यापाशी उकिडवे बसले. बोटं लावून बघितलं. मी बोटाच्या पेराएवढी जास्त वर होते. त्यांचा हात माझ्या डोक्यावर आला, दाबणार असं वाटलं.  मग त्यांनी तो मागे घेतला आणि घराकडे तोंड करून हाक मारली, "सूनबाई, ये गं इकडे. थोडी गेली आहे. बघून घे."

म्हणून मित्रांनो, माझं एवढंच ऐका. कुठे काही डोकं वर काढताना दिसलं, तर त्याला दाबायला धावू नका. आधी खाली वाका आणि त्याच्या पायाशी बघा, तुमचं काय चाललंय वाहून. आणि मग, लाज न वाटून घेता, घरातल्यांना हाक मारा.