काशिरामच्या मांडवात खाडीला आवतान

बस इथं, चहा घे. काशिरामच्या पोराच्या हलदीची गोष्ट सांगतो तुला. खोटं बोललो तं माझा ताशा फुटो.

तवा काशिराम शेठचे डंपर प्लॉट पाडायला आमच्या खाडीत मुरूम ओतायचे. शेवटी उघाडीपन बुजवली. उघाडी म्हंजे बांधातली झडप. भरतीला मिटते, ओहोटीला उघडते, शेतातलं पानी बाहेर सोडते. ती बुजली, पानी कोंडलं, भात कुजला. गुणाबायचं शेत तं बांधाला चिकटून. पुढचा पावसाळा असाच गेला तं बाई खानार काय?

हातापाया पडलो. काशिराम बोलला, "शेती करून कोन मोठा झालाय रे?"

आन हलदीला बॅन्जो पार्टी आमचीच सांगितली! मी ताशावर. हरेश लाईटचा गिटार वाजवायचा, मुंबईच्या रॉकवाल्यांकडं शिकलेला. आन गुणाबाय गावची धवलारीन, लग्नातले धवले गानारी. आमच्यात धवलारीन गायल्याबिगर हलद लागत नाय. ती एकेक देवाला आवतान देते, घरधनी हात जोडून "येवा" बोलतो. मांडवात आवतान दिलं का पावन्याची वाट कोनी अडवायची नाय.

गुणाबाय हरेशला बोलली, "तुझ्या गिटारातलं ते भूत माझ्या धवल्यामागं उभं कर."

"ताल कंचा, आये?"

"भरतीचा. चढत जायचा."

काशिरामचा पोरगा पाटावर बसला. गुणाबायनं कुलदेवीला बोलावलं. "येवा." गावदेवाला. "येवा." मंग हरेशचा गिटार असा गुरगुरला का मांडवाचे बांबू हलले. मी ताशा पेटवला. म्हातारी उभी राहून गायली,

"भरती-ओहोटी दोघी भयनी,
एक आली का दुसरी जाते,
दारात भिंत घातली कोनी?
हलदीला दोघींना आवतान!"

काशिराम उठला. "बंद करा रे! लगीन हाय का मोर्चा?"

गुणाबाय थांबली नाय. तीच ओळ परत. परत. आख्खा मांडव टाळ्या पिटतोय. काशिरामची बायको सत्यवती फनकारली, "बोला ना एकदाचं! धवला अर्ध्यात तुटला तं पोराला हलद कशी लावू?"

दात चावत बोलला, "येवा."

सकाळी पिवळ्या अंगानंच आमी फावडी घेऊन उघाडीवर. त्याचा मुकादम आडवा आला. "शेठला विचारलंय?"

गुणाबाय बोलली, "शेठनंच बोलावलंय. पावनी वाटंत अडकलीय."

मुकादम बाजूला झाला. आमी मुरूम उपसला, दुपारच्या ओहोटीला पानी भसाभसा निघालं.

आता नवा शेठ आलाय, नवे डंपर. गुणाबायचा गळा बसलाय, तं मी गातो. त्याच्या पोरीची हलद उद्या हाय. चल माझ्यासंगं. मी खाडीचं नाव घेतलं का, शेठलापन मागं बोलावं लागंल असं मोठ्यानं बोल, "येवा!"