दादाचा खांदा आणि पालथी टाकी

दादाचा उजवा खांदा असा काही धरला होता, की पाठीला खाज सुटली तर तो दाराच्या चौकटीला जाऊन घासायचा. घरातल्या सगळ्या चौकटींचा रंग उडाला तेव्हा वहिनीनं ब्रश आणून दिला. रंगाचा नव्हे, पाठीचा!

खाजेचं सोडा हो, पण समुद्रात बुडी मारणं म्हणजे त्याचा जीव की प्राण. दादा खाली उतरला की मासे बाजूला सरून त्याला वाट देतात, असं सांगितलं जायचं. सांगायचा तोच, ही गोष्ट वेगळी. खांदा गेला आणि त्याचं उतरणं बंद झालं. हवेची टाकी पाठीवर, तिचा व्हॉल्व्ह मानेमागे. ज्याचा हात मानेमागे जात नाही, त्याला पाण्यात कोण सोडणार? मग तो बोटीवर बसून दुसऱ्यांचे टॉवेल सांभाळायचा. तोंड एवढंसं करून.

त्याची धाकटी बहीण चिमी. नावालाच चिमी, बाई पन्नाशीची आणि हात लोहाराचा. बुडी मारणाऱ्यांचं सामान दुरुस्त करायचं तिचं दुकान होतं. आत नळ्या, पट्टे, बकलं यांचा असा पसारा, की गिऱ्हाईक आत शिरलं तर शोधून काढावं लागे. दादाचं ते टॉवेल सांभाळणं तिला बघवेना.

"दादा, दोन छोट्या टाक्या करू. पाण्यात उतरल्यावर दोन्ही कुशींना अडकवायच्या."

"दोन काखांत दोन कळशा? मी काय पाणी भरायला चाललोय?"

"बरं बाबा, राहिलं."

पण चिमी गप्प बसणाऱ्यातली नव्हे. तिनं टाकी पट्ट्यांमध्ये चक्क पालथी घातली. डोकं खाली, बूड वर. व्हॉल्व्ह आला थेट कमरेशी. बसताना आपटू नये म्हणून त्याला जाड रबराचं कुंपण केलं, नळ्या लांब घेतल्या. खांद्यावरच्या पट्ट्याला पुढून उघडणारं बकल लावलं, म्हणजे हात मागे वळवायला नको.

दादाला स्टुलावर बसवून तिनं ते सगळं अंगावर चढवलं. त्यानं हात खाली सोडला, मागे चाचपला, आणि बोटं व्हॉल्व्हवर टेकली.

"चिमे! अगं, पोचला की!" म्हातारा लहान पोरासारखा रडायला लागला.

मग डोळे पुसून म्हणाला, "हे मी घरी नेतो. चार दिवस घालून बसतो. हाताला कळू दे, व्हॉल्व्ह कुठं गेला ते."

"घरी काय बादलीत बुडी मारणार आहेस? रविवारी समुद्र शांत आहे. मास्तर येतायत, सगळे असतील."

सगळे असतील, हेच खरं कारण. तिला ती पालथी टाकी सगळ्यांना दाखवायची होती. दादानं एकदा तिच्याकडे पाहिलं, आणि धाकटीचा हट्ट म्हणून मान डोलावली.

रविवारी बोटीवर कौतुकच कौतुक. बुडी मारायला शिकवणारे मास्तर तर टाकीभोवती प्रदक्षिणा घालून आले. तेच दादाबरोबर उतरणार होते. आता बोटीवरचा रिवाज असा, की उडी मारण्याआधी दुसऱ्या कुणीतरी मागून व्हॉल्व्ह पूर्ण उघडून बघायचा आणि किंचित मागे घ्यायचा. चिमी पुढे झाली. तिनं व्हॉल्व्ह आपल्याकडे ओढत फिरवला, अडेपर्यंत. मग किंचित मागे. "जा रे दादा!"

तो गेला. चिमी कठड्याला रेलून बुडबुडे बघत होती आणि लोकांना सांगत होती, की आता सगळ्यांनाच टाकी पालथी हवी होणार, बघा.

मग पाणी फुटलं आणि मास्तर दादाला काखेत धरून वर आले. दादाच्या तोंडात मास्तरांची नळी होती, आणि त्याचा उजवा हात चिंधीसारखा लोंबत होता.

"खाली गेल्यावर श्वास ओढता येईना त्याला," मास्तर धापा टाकत म्हणाले. "मी पोचेपर्यंत त्यानं हात मानेमागे टाकला. जोरात. व्हॉल्व्ह शोधायला."

"पण व्हॉल्व्ह तर कमरेला होता!"

"तुला ठाऊक, मला ठाऊक. बुडणाऱ्या माणसाच्या हाताला कुठं ठाऊक? तो जुन्या जागीच जाणार."

चिमीनं टाकीला हात लावला. सरळ टाकीचा व्हॉल्व्ह आपल्याकडे ओढला की उघडतो. पालथ्या टाकीचा तसाच ओढला की बंद होतो. किंचित मागे घेतला तेवढीच फट उरली; ती वर पुरली, खोल पाण्यात पुरेना. टाकी तिनंच पालथी घातली होती, आणि हात मात्र सरळ टाकीचाच राहिला होता. तिच्या हातालाही चार दिवस हवे होते.

डॉक्टरांनी सांगितलं, खांद्यात धड असं काही उरलं नाही. पाण्याचं नाव काढायचं नाही.

घरी वहिनीनं दादाला फैलावर घेतलं. "कुणी सांगितलं होतं घाई करायला? चार दिवस दम निघत नव्हता?"

"नव्हता निघत," दादा म्हणाला. "मीच मागे लागलो. चिमी नको नको म्हणत होती."

चिमीनं तोंड उघडलं, तर त्यानं डोळे वटारले. वहिनी तणतणत आत गेली.

दादाचा सदरा बदलायचा होता. चिमी बाही हातात धरून त्याच्यापुढे उभी राहिली. तिला काही सुधरेना.

"दादा, आधी हा हात घालू का तो? दुखेल का रे? कसं करू?"

दादा हसला. अगदी मायेनं हसला.

"आता विचारतेस होय?"

त्यापेक्षा त्यानं एक थोबाडीत दिली असती, तर बरं वाटलं असतं तिला.