हुंकारासाठी सोडलेली जागा

पत्नी विभावरी गेल्यानंतरच्या पहिल्या श्रावणी शुक्रवारी देवदत्तांनी देवापुढे दिवा लावला आणि बंगळुरूला नातीला, सलोनीला, फोन केला. त्यांच्या घरी या दिवशी एक कहाणी सांगितली जाई. ती कुठे छापलेली नव्हती. सुना ती सासवांकडून ऐकत आल्या होत्या. नियम एवढाच की, प्रत्येक वाक्यानंतर सांगणाऱ्याने थांबायचे आणि ऐकणाऱ्याने ‘हूं’ म्हणायचे. हुंकार तुटला, तर कहाणी पुन्हा पहिल्यापासून. संसारभर विभावरी सांगत आली आणि देवदत्त हुंकार देत आले. आता सलोनीने ती घेतली नाही, तर नर्मदेकाठच्या शहरातल्या, राइट टाउनमधल्या या दोन खोल्यांतच ती संपणार होती.

“नागपुराहून एक म्हातारी निघाली,” ते म्हणाले.

“हूं.”

“तिलवाऱ्याच्या घाटावर नर्मदामाईने तिची नाव अडवली.”

पलीकडे दुसऱ्याच कोणाशी तरी बोलणे चालले होते.

“सलोनी?”

“सॉरी आजोबा, ऑफिसचं होतं. हां, बोला.”

“नागपुराहून एक म्हातारी निघाली.”

“अरे, फिर से? ही म्हातारी नागपूर सोडूनच नाही राहिली!”

दोघेही हसले. मग ती म्हणाली, “रेकॉर्ड करून पाठवून द्या ना. आरामात ऐकते.”

“आणि हुंकार?”

“देईन ना, पक्का.”

देवदत्तांनी खिडक्या लावल्या, पंखा बंद केला आणि फोनवर कहाणी रेकॉर्ड करायला घेतली. म्हातारीजवळ उतराईला, नदी पार करण्याचे मोल द्यायला, काही नव्हते, म्हणून तिने नदीलाच कहाणी सांगितली आणि पलीकडचा काठ येईपर्यंत नदी हुंकार देत राहिली. प्रत्येक वाक्यानंतर ते थांबत, सलोनीचा ‘हूं’ मनात म्हणत आणि मगच पुढे जात. तेवढ्या वेळापुरते त्यांना समोर कोणीतरी बसल्यासारखे वाटले.

दुसऱ्या दिवशी सलोनीचा फोन आला. “मस्त आहे, आजोबा! मधेमधे तुमचा आवाज गायब होत होता, ते ॲपनं आपोआप साफ केलं. तनयला, चिन्मयीला, सगळ्या भावंडांना पाठवली.”

“अच्छा. हुंकार दिलास?”

“देणार होते हो, पण तुम्ही थांबतच नाही!”

तिने पाठवलेली कहाणी त्यांनी लावली. पहिल्या वाक्यानंतर सवयीने त्यांच्या तोंडून ‘हूं’ निघाला. तोवर नाव नदीच्या मध्यावर पोहोचली होती.