कळपाचा बाप

घरच्या सुनेनं लाडोबाची खालची पापणी अंगठ्यानं ओढली आणि ती चपापलीच. आत लालबुंद! गोठ्यातल्या बाकी मेंढ्यांच्या पापण्या कमीजास्त फिक्या, आणि मागच्या तपासणीला बराच फिका पडलेला हा एडका एकाएकी ठणठणीत? कुठंतरी पाणी मुरत होतं.

पोटातले जंत रक्त पितात, म्हणून पापणी फिकी पडते. या घरानं वर्षानुवर्षं सरसकट सगळ्या कळपाला औषध पाजलं. झालं काय, औषधाला दाद देणारे जंत मेले, निगरगट्ट तेवढे उरले आणि त्यांचीच पिलावळ माजली. मागच्या वर्षी निम्मी कोकरं डोळ्यांदेखत गेली, तेव्हा सून हमसून हमसून रडली. मग डोळे पुसून तिनं ठरवलं, जंतांची चाल आता जंतांवरच उलटवायची. औषध फक्त मरायला टेकलेल्याला. बाकीच्यांनी आपल्या रक्ताच्या जोरावर तगायचं, आणि जे तगतील त्यांचीच पुढं पैदास. लोकांनी तिला वेड्यात काढलं. काढू देत की!

आज कळपासाठी पैदाशीचा एडका निवडायचा होता. तो चुकला तर पुढची कोकरंही तशीच जाणार, आणि मग कळप मोडण्यावाचून गत्यंतर नाही. उमेदवार दोनच. एक हा देखणा लाडोबा आणि दुसरा शिंगमोडका. तो दिसायला अगदीच मरतुकडा, पण औषधाच्या थेंबाशिवाय त्याची पापणी कायम गुलाबी.

तेवढ्यात तिला लाडोबाच्या हनुवटीखालची लोकर दिसली. निळी! अजून गुण देणारं एकच औषध उरलं होतं, आणि ते निळं होतं. अडीअडचणीसाठी तिनं ते जपून ठेवलं होतं.

“आबा!” तिनं सासऱ्यांना हाक मारली. “लाडोबाला औषध कुणी पाजलं?”

आबा एकदम मन लावून गोठा झाडू लागले. “कुठलं औषध?”

“मांजरानं पाजलं म्हणा आता!”

झाडू थांबला. लाडोबाची आई विताना मेली, तेव्हा आबांनीच त्याला बाटलीनं दूध पाजून वाढवलं होतं.

“हाल बघवेनात गं त्याचे,” आबा म्हणाले. “आणि एवढा देखणा एडका आहे दुसरा? याच्यासारखी कोकरं नकोत तुला?”

“याच्यासारखीच मागच्या वर्षी पुरली आपण, आबा. तुम्ही खड्डा खणलात. त्यांचा बाप हाच होता.”

आबांचा चेहरा पडला. मग ते उसळलेच. “मीसुद्धा रोज मूठभर गोळ्यांवर जगतो! उद्या मलाही काढ कळपातून!”

ते तिच्या जिव्हारी लागलं. या माणसावर तिचा जीव होता. तरी ती हलली नाही.

“तुम्हाला कोण काढतंय? आणि त्यालाही कुणी काढत नाही. तो इथंच राहील. खाईल, पिईल, लागेल तेव्हा औषध घेईल. फक्त बाप होणार नाही. डॉक्टरांना बोलावते. आजच खच्ची करून घेऊ.”

आबांनी झाडू भिंतीला टेकवला.

दुपारी जनावरांचे डॉक्टर आले. लाडोबाला धरायला सून बाह्या सरसावून पुढं झाली, तर आबांनी तिला बाजूला सारलं. कुरकुरत्या गुडघ्यांनी ते खाली बसले आणि त्यांनी लाडोबाचं डोकं मांडीवर घेतलं.

“तू जा, त्या शिंगमोडक्याला सोड मेंढ्यांत,” ते तिच्याकडं न बघता म्हणाले. “डॉक्टर, उरका.”

सून गेली. फाटक उघडताना तिला धड दिसत नव्हतं, तरी तिनं ते उघडलं.