पत्र्यावरचं मांस

“आजोबा, मागं सरका. धूळ बाधेल,” माझ्याच छपरावरून पत्रे उतरवणारा पांढऱ्या पोशाखातला माणूस म्हणाला. डोळे तेवढे उघडे, बाकी सगळा गुंडाळलेला. मला हसूच आलं. हे छप्पर घातलं तेव्हा माझ्या अंगात नुसती बंडी होती.

माझंच काय, अख्ख्या गावाची पेंढ्याची छपरं उतरवून ॲस्बेस्टॉस-सिमेंटचे पत्रे मीच चढवले. सरकारचाच हुकूम होता तसा. काय भाव होता तेव्हा मला, या कू फिल्दोंगला! छप्पर पुरं झालं की उरलेला तुकडा ओढ्यावर न्यायचा, खाली जाळ, वर डुकराचं मांस. चरबी पत्र्याच्या पन्हळीतून झरझर निथळून जायची आणि मांस कुरकुरीत व्हायचं. सोजू दारूचे पेले फिरायचे. बाकीच्यांना कसलाही तुकडा चालायचा, पण माझ्या बायकोसाठी, ओक्बुनसाठी, मी दर वेळी नवाकोरा पत्रा कापायचो. तिनं मळक्या पत्र्यावरचं का खावं?

आता तिच्या नाकात प्राणवायूची नळी आहे. शहरातल्या डॉक्टरांनी विचारलं, पत्र्याचं काम कोण करायचं? मी म्हटलं, मी. पत्र्याची धूळ तिच्या फुप्फुसांत बसलीय म्हणाले, मग सगळंच विचारलं. कपडे कोण झटकायचं, मांस कशावर भाजायचात. माझी फुप्फुसं दोनदा तपासली, ठणठणीत निघाली. लाज वाटली मला त्यांची. ओक्बुन तेव्हा बाहेर बाकावर होती. सहा महिने झाले, तिला यातलं काही सांगायला माझी जीभच रेटली नाही.

दुपारी त्या पांढऱ्या पोशाखातल्या माणसांना मागच्या रांजणांआड एक तुकडा सापडला, चरबीनं काळा पडलेला. त्यांनी तो पाण्यानं भिजवून दुहेरी पिशवीत बांधला. शेजारच्या ओसरीवरून ओक्बुन बघत होती. मी तिच्याजवळ जाऊन बसलो.

“अगं, तो पत्रा... तुझ्यासाठी मी मुद्दाम नवा...”

“ठाऊक आहे मला. डॉक्टरांचं दार उघडंच होतं.” तिनं दम घेतला. “चव चांगली असायची हो. आज भाजा ना.”

संध्याकाळी शेजाऱ्यांच्या अंगणात, तिच्या नळीपासून लांब, बिडाच्या तव्यावर मांस भाजलं. तवा सपाट, चरबी तिथंच साचली. तिनं एक तुकडा तोंडात घोळवला आणि म्हणाली, निथळत नाही हो याच्यात. मग मी फडक्यानं धरून तवा एका अंगाला कलता केला. हात भरून आला, पण तिचा दुसरा तुकडा चावून होईपर्यंत तसाच धरून ठेवला.